काहिलीपुढचे आबा

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ सौद्यांचा मुहूर्त होतो. नव्या हंगामातल्या गुळाचे पहिले रवे, म्हणजे ढेपा; हार, पेढे आणि पहिल्या बोलीची उत्सुकता. आमच्या घरात त्या मुहूर्ताचा अर्थ एवढाच असायचा की आता आबा जाणार. बाकीच्या घरांत दिवाळीला माणसं परत येतात. आमचे आबा भाऊबीज उरकली की घोंगडं, दोन धोतरं आणि पितळेचा तांब्या घेऊन सायकलवर बसायचे, ते चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर घरी राहायला यायचे. मधले पाच-साडेपाच महिने कुठल्या ना कुठल्या गुऱ्हाळावर. आबा गुळव्या होते.

आम्ही त्यांची नातवंडं, तिघा मुलांची आणि दोघी लेकींची, आता पुण्यापासून बंगळूरपर्यंत पांगलो आहोत. कुणाच्या लग्नाकार्यात एकत्र आलो की बोलणं आबांवर येतंच, आणि दर वेळी लक्षात येतं की प्रत्येकाच्या वाट्याचे आबा थोडे वेगळे आहेत. थोरल्यांनी त्यांना डिझेल इंजिनावर चालणाऱ्या घाण्याजवळ पाहिलं, मधल्यांनी विजेच्या मोटारीजवळ. धाकट्यांना ते आठवतात ते सोप्यात बसून गुडघ्याला तेल चोळताना. लिहायला बसण्याआधी मी सगळ्यांना विचारून घेतलं. जिथं आमचं जुळलं नाही, तिथं दोन्ही सांगते.

आधी त्यांचं काम सांगायला हवं, कारण त्याशिवाय आबा कळत नाहीत, आणि गूळ कसा होतो हे आता कोल्हापूरच्या पोरांनाही सांगावं लागतं. फडातून तोडून आणलेला ऊस घाण्यात घालणारा तो घाणकरी. निघालेला रस गाळून मांदणात साठवायचा आणि तिथून काहिलीत घ्यायचा. काहील म्हणजे माणूस आडवा झोपला तरी दोन्ही बाजूंना जागा उरेल एवढी पसरट लोखंडी कढई, चुलवाणावर बसवलेली. चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत लोटणारा माणूस वेगळा. काहिलीभर रसाचा गूळ झाला की एक आधण उतरलं. आणि या सगळ्यांवर ज्याचा शब्द चालतो, तो गुळव्या.

रस तापायला लागला की त्यात चुन्याची निवळी जाते आणि रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं चिकट पाणी जातं. त्या चिकट पाण्यात रसातला गाळ धरला जातो आणि फेसाबरोबर वर येतो. ही मळी. लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढत राहायची. उशीर झाला तर उकळीत ती परत रसात मिसळते, आणि मग कितीही आटवा, गुळाला रंग येत नाही. मळी निघाली की जाळ वाढवायचा. रस उसळून काठाशी आला की थोडं शेंगतेल सोडायचं, फेस खाली बसतो. आटत आटत काकवी होते, ज्याला हवी तो शेतकरी तेव्हाच कळशी भरून घेतो. त्यानंतरचा वेळ एकट्या गुळव्याचा. बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना त्यांचा आवाज बदलतो. आबा त्या वेळी कुणाशी बोलत नसत. गार पाण्यात पाकाचा थेंब सोडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि घरून नेलेल्या पितळी तांब्यावर ती मारायचे. टण्ण वाजली की एकच हाक, "वडाऽ!" मग चार-पाच गडी काहील उचलून कलती करत आणि सगळा पाक शेजारच्या वाफ्यात धावे.

ही हाक अर्धा मिनिट उशिरा आली तर गूळ करपतो. अर्धा मिनिट आधी आली तर मऊ राहतो, रवा धरत नाही, पावसाळ्यात पाघळतो. आडसाली ऊस फडात दीड वर्ष उभा असतो. त्याचं पाणी, खत, राखण, तोडणी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या एका हाकेवर येऊन थांबलेलं असतं. टनभर उसाचा शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो आणि त्यातला प्रत्येक किलो कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाला किंवा पोराच्या फीला आधीच लावलेला असतो. आबांना हे पुरतं ठाऊक होतं. आधण चालू असताना ते काहील सोडून गेलेत असं कुणी पाहिलं नव्हतं. जेवणाचं फडकं आलं तर ते चुलवाणाजवळ तसंच राहायचं. पुतण्याच्या हळदीलासुद्धा ते दोन आधणांच्या मधे सायकल मारत येऊन, अक्षता टाकायच्या आधीच परत गेले होते.

माझं मत असं आहे, आणि माझ्या भावंडांपैकी बहुतेकांना ते पटतं, की आबांचा स्वभाव या अर्ध्या मिनिटानं घडवला. एखादं काम "बघू, उद्या करू" म्हणून त्यांनी ठेवलेलं आम्हाला आठवत नाही. कौल सरकलं की त्याच संध्याकाळी शिडी. शाळेतून चिठ्ठी आली की त्याच दिवशी शाळेत. माझ्या धाकट्या चुलतभावाला लहानपणी मध्यरात्री ताप चढून झटके आले, तेव्हा घरातली बाकी माणसं देवापुढं दिवा लावायचा की वैद्याला बोलवायचं याची चर्चा करत होती. आबांनी पोराला घोंगड्यात गुंडाळून धाकट्या काकांच्या मांडीवर दिलं, काकांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि कोल्हापूरचा रस्ता धरला. तो भाऊ आज स्वतः दोन मुलांचा बाप आहे.

आबांचे वडील ते लहान असतानाच गेले. भाऊबंदांत वाटण्या होऊन घरच्या वाट्याला भोगावतीच्या काठाला एक एकर आणि वर काही गुंठे आले होते. त्यात चार तोंडं भरत नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या पोराला मामांनी आपल्याबरोबर गुऱ्हाळावर नेलं. तेव्हा लोखंडी चरक बैलांवर फिरायचा. पहाटे चारला उठून बैलांमागं गोल फिरणं, हे आबांचं पहिलं काम. पुढं चिपाडं पसरून वाळवणं, मग जाळ, मग मळी. मामा स्वतः नामी गुळव्या होते, पण तोंडानं शिकवण्याची त्यांना सवय नव्हती. भाच्याला काहिलीपाशी उभं करायचे आणि "बघ" म्हणायचे. मिसरूड फुटलं तेव्हा पहिल्यांदा पाकाची गोळी वळायला दिली. त्या काळातले भाजल्याचे डाग आबांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत होते. लहानपणी आम्ही ते मोजायचा प्रयत्न करायचो आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा.

आबा जन्मले त्या मुलखात गुळव्याला कामाची वानवा नव्हती. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. राधानगरीचं धरणही त्यांनीच हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली, पण भोगावती बारमाही झाली आणि जिथं जोंधळा व्हायचा तिथं ऊस आला. दिवाळीनंतर नदीकाठानं चालत गेलं की दर थोड्या अंतरावर गुऱ्हाळाचा धूर दिसायचा. आमचे थोरले काका म्हणायचे की नुसत्या वासावरून आबा सांगत, कुठल्या गुऱ्हाळावर कुठला गुळव्या आहे आणि त्याचं आधण कुठवर आलंय. यावर आमच्यात वाद आहे. माझा मधला भाऊ म्हणतो, हे काकांनी वाढवून सांगितलं. मला मात्र ते खरं वाटतं. वास करपट असेल तर जाळ कुणाचा बेताल आहे हे इतक्या वर्षांच्या माणसाला का कळू नये?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हाला गुऱ्हाळावर जायची मुभा होती, तेही आबा जवळपासच्या गावात असले तर. आज्जी भाकरी, झुणका आणि खर्डा बांधून द्यायची आणि थोरल्या चुलतबहिणीच्या हाती आम्हाला सोपवायची. पोचलो की आबा पहिलं काम करत ते राखेची रेघ ओढण्याचं. काहिलीपासून चांगली लांब, चुलवाणातल्या राखेनं ओढलेली पांढरी रेघ. तिच्या आत पाय टाकायचा नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला ही रेघ आठवते, ज्यांना दुसरं काही आठवत नाही त्यांनासुद्धा. आबांची नजर पाकावर असायची, तरी कुणाचा अंगठा रेघेवर गेला की तिकडूनच आवाज यायचा, "माघारी हो, पोरी."

आधण उतरल्यावर आमचा नंबर. आबा त्या दिवशी ज्याचा ऊस असेल त्या शेतकऱ्याकडं वळून विचारत, "पोरं आल्यात, थोडं देऊ का?" एकाही शेतकऱ्यानं कधी नाही म्हटलं नसेल. उलट शेतकरीच म्हणे, "आबा, इचारताय काय, पोरांस्नी पोटभर घाला की." पण पुढच्या शनिवारी आबा पुन्हा विचारायचे. गूळ त्यांच्या हातानं झालेला असला तरी तो दुसऱ्याचा आहे, हे आम्हाला असं उभ्याउभ्या कळत गेलं. मग सोललेल्या उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून मिळायचा. कधी पाकाची धार गार पाण्यात सोडून तिची चिक्की ओढून द्यायचे, ती दातांना चिकटायची आणि सुटता सुटत नसे. चुलवाणाच्या निखाऱ्यात पुरलेली रताळी असायची. पौष-माघातल्या थंडीत पाठ गार आणि तोंड जाळानं लाल, अशा अवस्थेत खाल्लेली ती रताळी पुढं मला कुठंच मिळाली नाहीत, आणि मी बऱ्याच ठिकाणी शोधली आहेत.

हंगाम संपताना ठरलेल्या मजुरीखेरीज शेतकरी खुशीनं गूळ देत, कुणी काकवी देत. तो सगळा गूळ घरात आला की आबा वाटण्या करायला बसत. धाकट्या लेकीच्या सासरी एक ढेप आणि काकवीचा डबा. मामांच्या घरी, मामा गेल्यानंतरही. गावातल्या विधवा चुलतीला. ज्या सुताराकडून सायकलीचं कॅरिअर मजबूत करून घेतलं होतं त्यालाही. लेकीच्या घरी ते स्वतः जात. कागलकडच्या धाकट्या आत्याकडं कॅरिअरला ढेप बांधून सायकलवर निघायचे, दुपारी पोचायचे, जावयाशी चार शब्द बोलून संध्याकाळच्या आत परत. आत्या म्हणते, "आबा बसायचा थोडा, पन बसल्या जाग्यावरनं समदं घर बघून घ्यायचा. चुलीम्होरं जळण हाय का न्हाई, म्हस आटलीया का, माझ्या हातात बांगड्या किती हाईत." पुढच्या खेपेला जे कमी होतं ते बरोबर कॅरिअरला बांधलेलं असायचं.

इथं आज्जीबद्दल लिहिलं नाही तर ते अन्यायाचं होईल. आबा कष्टाळू होते हे खरंच, पण पाच-साडेपाच महिने घराबाहेर राहता येतं ते घर कुणीतरी उभं धरलेलं असतं म्हणून. ते एक एकर आज्जीनं पिकवलं. भुईमूग, जोंधळा, बांधावर तूर. दोन म्हशी होत्या. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली निघाला, पुढं गावोगाव दूध संस्था झाल्या आणि पहाटे कासंडी घेऊन संस्थेत जाणाऱ्या बायांमध्ये आमची आज्जी होती. दर दहा दिवसांनी मिळणारं दुधाचं बिल तिच्या हातात असायचं आणि किराणा, वह्या-पुस्तकं, औषधपाणी त्यातून चालायचं. आबांची हंगामाची कमाई मोठ्या कामांसाठी राखलेली असे. घराच्या भिंती, विहिरीतला वाटा, लग्नं, शिक्षण. आबांना हे मान्य होतं. हंगामाचे पैसे ते धोतराच्या कनवटीला बांधून आणत आणि न मोजता आज्जीपुढं ठेवत. "तूच बघ, मला काय कळतंय त्यातलं," म्हणायचे. आधणामागची मजुरी आणि आधणांचा आकडा त्यांना तोंडपाठ असायचा, त्यामुळं कळत नव्हतं हे काही खरं नाही. तो आज्जीचा मान होता.

हंगामाबाहेरच्या दिवसांत आबांची चैन एकच, कुस्ती. खासबागेत मोठं मैदान असलं की ते जात आणि नातवंडांपैकी जो हाताशी असेल त्याला नेत. त्यात मुलगा-मुलगी बघत नसत. मी आणि माझी चुलतबहीण दोघी त्या मैदानाच्या उतरत्या पायऱ्यांवर आबांच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहोत. गावात कुणीतरी बोललं, पोरींना कशाला कुस्तीला नेता. आबा म्हणाले, "डोळं हाईत की त्यांस्नी." एवढंच.

आता अवघड विषय. गुळाचा भाव रंगावर ठरतो. कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि तिकडं पिवळाधमक गूळ हवा असतो. नुसत्या भेंडीच्या पाण्यानं आणि वेळेवर काढलेल्या मळीनं गुळाला सोनेरी-तांबूस रंग येतो. पिवळा हवा तर काहिलीत हायड्रॉसची पावडर पडते. ती आली तेव्हा आबांना ती मनापासून आवडली नाही. "खानाऱ्याच्या पोटात जातंय ते," म्हणायचे. पण सौद्यात शेजारी शेजारी लागलेल्या दोन रव्यांमध्ये पिवळ्याला चढी बोली मिळते हे शेतकरी डोळ्यांनी पाहत होता, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज होतं. जो शेतकरी ऐकायचा त्याला आबा बिनपावडरचा गूळ करून देत. जो ऐकत नसे त्याच्या काहिलीत पावडर पडायची, ती तो शेतकरी स्वतः टाकायचा, आबा हात लावत नसत. असा गूळ खुशीनं दिला तरी घरी आणत नसत.

आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. माझी डॉक्टर झालेली आतेबहीण म्हणते, आबांनी अशा गुऱ्हाळावर कामच करायला नको होतं. मी तिच्याशी भांडले आहे. मजुरीवर काम करणाऱ्या माणसानं बाजारातल्या भावाशी एकट्यानं लढावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. पुढं २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, सेंद्रिय गुळाला शहरांत चांगले पैसे देणारी माणसं आली. तोवर आबांचे हात थकले होते. ज्या तांबूस गुळासाठी ते आयुष्यभर शेतकऱ्यांची समजूत घालत राहिले, त्याला मागणी आली ती त्यांच्यानंतरच्या गुळव्यांसाठी. याचं मला वाईट वाटतं. आबांना मात्र ते ऐकून आनंद झाला होता. "बरं झालं की," म्हणाले, आणि कोण करतंय, भेंडी कुठली वापरतंय, हे विचारत बसले.

माझा एक चुलतभाऊ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. रसाचं ब्रिक्स मोजायचं, शुद्धता काढायची, हे त्याचं काम. आबांना त्याचं भारी कौतुक. एका हंगामात तो मुद्दाम थर्मामीटर घेऊन गुऱ्हाळावर गेला. आबा नेहमीप्रमाणं गोळी वळत होते, भाऊ काहिलीत थर्मामीटर धरून उभा. आबांची हाक आली तेव्हा पारा ११८ अंशांवर होता. पुस्तकात गुळासाठी हाच आकडा असतो. पुढचं आधण दुसऱ्या फडातल्या खोडव्याच्या उसाचं होतं. त्या वेळी आबांनी दोन अंश आधीच हाक दिली. भावानं विचारलं, "आबा, लवकर काढलं?" आबा म्हणाले, "ऊस येगळा हाय. ह्यो लवकर धरतोय." दुसऱ्या दिवशी रवे फोडून पाहिले तर दोन्हींचा कण सारखा. भाऊ सांगतो, त्या दिवसापासून कारखान्यात नवीन पोरं हाताखाली आली की तो त्यांना आधी रस बघायला, हुंगायला आणि चाखायला लावतो, मग उपकरण हातात देतो.

तसे कारखान्यांमुळंच गुऱ्हाळं मागं पडली. कारखाना ऊस तोडून नेतो, वजनावर पैसे देतो, शेतकऱ्याला रात्र रात्र काहिलीजवळ जागावं लागत नाही. चिपाडं वाळवायला, घाणा चालवायला माणसं मिळेनात. आबांचे जोडीदार एकेक करून थांबले. आबा सत्तरीपर्यंत काहिलीपुढं उभे राहिले, मग गुडघ्यांनी नकार दिला. त्यानंतरही एखादा जुना शेतकरी मोटारसायकलवरून न्यायला यायचा आणि आबा खुर्चीत बसून नव्या गुळव्याला हाक कधी द्यायची ते सांगायचे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात, पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, त्यात नदीकाठचं शेवटचं ओळखीचं गुऱ्हाळही खचलं. चुलवाणाच्या भिंती विरघळल्या. काहील मात्र चिखलात तशीच होती. ती पाहायला आबांना गाडीतून नेलं होतं. त्यांनी काठीनं काहिलीवर टकटक केली आणि धाकट्या काकांना म्हणाले, "पत्रा चांगला हाय अजून. भंगारात देऊ नगा म्हनावं, पलीकडच्या गावात लागंल कुनाला तर." ती काहील खरंच पलीकडच्या गावात गेली आणि चालू आहे.

आबा त्यानंतर काही महिन्यांनी गेले. दिवसकार्याला आम्ही न ओळखणारी कितीतरी माणसं आली. कुठल्या कुठल्या गावांचे शेतकरी, त्यांची पोरं. त्यातला एकजण आज्जीजवळ जाऊन बसला, पन्नाशीचा असेल. कुंभी नदीकडच्या एका गावातला. म्हणाला, माझ्या वडलांच्या गुऱ्हाळावर आबा होते तेव्हाची एक गोष्ट तुमच्या पोरांना ठाऊक नसेल.

थोरल्या आत्याला सासरी त्रास आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. लग्नानंतर काही वर्षांत ती माहेरी आली आणि कायमची राहिली, हेही. कशी आली यावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं. तो माणूस सांगत होता की रात्रीच्या वेळी कुणीतरी सायकलवरून निरोप घेऊन आलं, लेकीला मारलंय आणि खोलीत कोंडलंय. काहिलीत आधण होतं. काकवी होऊन पुढं गेलेलं, पाच-दहा मिनिटांचं काम उरलेलं. आबांनी जाळ घालणाऱ्याला हाक मारली, उलथणं त्याच्या हातात दिलं आणि निघून गेले. त्या गड्यानं घाबरून लवकर काहील ओढली. ते आधण वाया गेलं, रवे धरलेच नाहीत. "माझ्या बानं एक शब्द काढला न्हाई," तो म्हणाला, "पन आबांनी दोन हंगाम आमच्याकडं आधणामागं कमी मजुरी घेतली. बा नको नको म्हणत व्हता, ह्यांनी ऐकलं न्हाई."

आमचे थोरले काका तोंडावर हात ठेवून बसले होते. त्यांच्या आठवणीत आबा आधण पुरं करूनच गेले होते, त्यांनी आम्हाला कायम तसंच सांगितलं होतं. आज्जी काहीच बोलली नाही. बोलली ती आत्या.

"मला दारातनंच हाक मारली आबानं," ती म्हणाली. "कडी त्यानंच काढली. सासरा काय काय बोलत व्हता, आबा त्याच्याकडं बघितलाच न्हाई. मी म्हटलं, लुगडी घेतो माझी. आबा म्हणाला, ऱ्हाऊ दे, चल. रातभर चाललो आमी. मधे एका वड्याला थांबून त्यानं माझं तोंड धुतलं. घरात आलो तवा कोंबडं आरवत व्हतं. आईच्या ताब्यात मला दिली आनि तसाच मागं फिरला गुऱ्हाळावर. जाताना म्हणाला, तुला शिवान येतंय न्हवं?"

त्या हंगामाची अर्धी कमाई घेऊन आबा आणि आत्या कोल्हापुरात गेले आणि पायानं चालवायचं शिलाई मशीन घेऊन आले. आत्यानं त्यावर आधी गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवल्या, मग झंपर, मग जून महिन्यात शाळेचे गणवेश. आम्ही जितकी भावंडं गावच्या शाळेत शिकलो, तितक्या सगळ्यांच्या खाकी चड्ड्या, पांढरे सदरे आणि निळे परकर त्या मशीनवर शिवलेले आहेत, आणि वाढत्या अंगाच्या पोरांसाठी आत्या प्रत्येक कपड्याला आतून तीन बोटं जास्त कापड ठेवायची.